चढाचा मध्य आणि उताराचा मध्य

राजूरच्या वरच्या अंगाला कातळवाडी आहे. तिथले लोक अजून वाट दमांत मोजतात. डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन माणूस चालतो. जिथे पोतं खाली ठेवावंसं वाटतं, तिथे एक दम झाला. मोटारीचा रस्ता डोंगराला वळसा घालून येतो आणि त्यावर किलोमीटरचे दगडही आहेत. पण लग्नकार्यात त्या दगडांना कोणी विचारत नाही.

वाडीच्या पंकजाचं आणि राजूरच्या कल्याणचं लग्न ठरलं, तेव्हा मांडव जुन्या रीतीने पायवाटेच्या मध्यावर घालायचं ठरलं. मांडव बरोबर मध्यावर असेल तर पाणी आणि सरपण दोघांनी निम्मं-निम्मं आणायचं. एका गावाकडे सरकला तर सगळं त्या गावाने. पंकजा पुण्यात गणितात पीएच.डी. करत होती, कल्याणचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. मांडव कुठेही घातला तरी त्या दोघांची हरकत नव्हती.

कल्याणचे वडील बजरंग यांनी राजूरहून चढत वाट मोजली, पंकजाचे वडील आसाराम यांनी वाडीहून उतरत. निम्मे दम जिथे झाले तिथे दोघांनी चुन्याची खूण केली. खुणा जुळल्या नाहीत. बजरंगांची खूण उभ्या चढणीवर, वाडीच्या जवळ निघाली. आसारामची खाली भातखाचरांत, राजूरच्या जवळ.

आसाराम म्हणाला, पाणी आमच्या गळ्यात मारायचा डाव आहे. बजरंगांनी निरोप पाठवला की, मला खोटं मोजायचंच होतं तर मी पोतं तरी कशाला उचललं असतं. दोन दिवसांत गोष्ट पाण्यावरून माणसांवर गेली. जो दम खोटा सांगतो त्याच्या घरात मुलगी देणार नाही, असं आसारामने पारावर सर्वांसमोर सांगून टाकलं. कल्याणने पुण्याला फोन केला आणि पंकजा मिळेल त्या एसटीने आली.

तिने दोन्ही बापांना वाडीच्या ओसरीवर बसवलं. त्यांच्यामध्ये आईने भाजीला आणलेला डांगर भोपळा ठेवला आणि त्यावर दोन ठिपक्यांमधून दोरा ताणला. सपाट पाटीवरची भूमिती अशा वाकड्या पाठीवर चालत नाही, तिला वेगळे नियम लागतात, असं ती म्हणाली. पण डांगरावरही दोरा इकडून मोजा की तिकडून, तेवढाच भरतो. पुढे गणितवाल्यांनी त्याहून मोकळी जागा कल्पिली. तिथे अंतर ठिकाणावर ठरतं, तसंच दिशेवरही ठरतं. जाताना एक, येताना दुसरं. तिला फिन्सलर भूमिती म्हणतात आणि पंकजाचा प्रबंध त्याच विषयावर होता.

बजरंगांनी डांगराकडे पाहिलं. "ह्यात आमची वाट कुटं हाय?"

पंकजाने सांगितलं, चढताना दम चढणीवर खर्च होतात, म्हणून निम्मे दम वर जाऊन भरतात. उतरताना चढणीवर पाय आपोआप पळतात आणि पोतं जड होतं ते खालच्या सपाटीवर, म्हणून निम्मे दम खाली भरतात. "खोटं कुणीच मोजलेलं नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. उद्या दिशा बदला आणि स्वतः मोजा."

दुसऱ्या सकाळी आसाराम जीपने राजूरला उतरला. बजरंगांच्या घरी चहा घेतल्याशिवाय त्याला कोणी सोडलं नाही. बजरंगही वाडीत चहा पिऊनच निघाले. वाटेत दोघे समोरासमोर आले तेव्हा आसाराम घामाने निथळत होता आणि बजरंगांच्या श्वासाला काहीच झालं नव्हतं. बजरंगांनी त्याचं पोतं उतरवायला हात पुढे केला. आसाराम नको म्हणाला; मोजणी मोडली असती.

आसारामचे निम्मे दम भरले ते बजरंगांच्या खुणेपासून हाकेवर. बजरंगांचेही आसारामच्या खुणेलगत भरले.

संध्याकाळी दोघे एका बाजेवर बसले होते. "व्याही," बजरंग म्हणाले, "लबाड कुनी न्हाई. वाटच तशी हाय."

"व्हय. पन माजी बोली मागं घ्यावी लागंल," आसाराम म्हणाला आणि पारावर जाऊन त्याने ती सर्वांसमोर मागे घेतली.

वऱ्हाडाला जायचं तसं परतायचंही असल्याने जाण्यायेण्याचे दम एकत्र करून पंकजाने मध्य काढला. तो चढणीच्या पायथ्याला, जांभळाखाली आला. मांडव तिथेच उभा राहिला आणि दोन्ही गावांच्या हंड्यांची सरमिसळ झाली ती लग्नानंतर आठवडाभर निस्तरली नाही.

पाठवणीच्या वेळी केशरबाईने लेकीला जरा बाजूला घेतलं. ओसरीवरचं सगळं बोलणं तिने चुलीपाशी बसून ऐकलं होतं.

"म्हंजी वाडीहून सासर जवळ, आन तिथून म्हायेर लांब?"

"हो आई. म्हणून तूच येत जा. तुला उतार आहे."

"आन माघारी?"

पंकजाने कल्याणकडे पाहिलं. त्याने मोटारसायकलची किल्ली वर करून दाखवली.