'आम्ही' म्हणजे कोण?

आमच्या बोडक्या डोंगरावर कुसळं उगवतात तीच मेहेरबानी. तिथं अळंब्या शोधणं म्हणजे टकलावरून कंगवा फिरवणं. पण घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून घड्याळजींनी हाच उद्योग धरला होता. अळंबी दिसली की जागा, माती, रंग लिहून अळंब्यांच्या नोंदणी केंद्राला कळवायचं. बायको होती तोवर ती पुढं चालायची, हे मागून धापा टाकत. शोधायची तीच, श्रेय मात्र बरोबरीनं वाटलेलं: 'आम्ही पाहिली.' ती गेली, तरी वाक्य तेच राहिलं.

आज सकाळी कातळाच्या फटीत त्यांना बटणाएवढी पिवळी अळंबी दिसली. या डोंगरावर अशी कुणीच पाहिली नव्हती. घरी येऊन लगोलग कळवलं. केंद्रातल्या बाईंचा फोन आला.

"काका, 'आम्ही पाहिली' लिहिलंय. आम्ही म्हणजे कोण कोण?"

घड्याळजींनी नोंदीचा कागद पुढं ओढला.

"आता दुसऱ्या पाहणाऱ्याची सही लागते हो. बाजारातली अळंबी दगडावर ठेवून फोटो पाठवणारे महाभाग निघालेत. सही नसेल तर नोंद कच्ची."

घड्याळजी कागद घेऊन शेजारच्या शिंप्याकडे गेले. "चल वर. ऊन तापलं की सुकेल ती."

"कुत्र्याच्या छत्रीपायी गुडघे खर्ची घालू? आण, इथंच सही ठोकतो."

"न बघता?"

"तुझ्या लग्नाचा साक्षीदार झालो, तेव्हा वहिनींना कुठं बघितलं होतं? झालाच की संसार!"

घड्याळजी हसले. कागद पुढं केला. शिंप्यानं पेनाचं टोपण काढलं, तसा घड्याळजींनी तो मागं ओढला.

"नको. ती कधी न बघता हो म्हणाली नाही."

"तुला तेवढी हो म्हणाली!" शिंपी पुटपुटला, पण टोपण लावलं.

घड्याळजी पुन्हा वर गेले. अळंबी सुरकुतून सुपारीच्या खांडाएवढी झाली होती. तिथूनच त्यांनी फोन लावला.

"बाई, तेवढी दुरुस्ती करा. 'मी पाहिली.'"

"कच्चीच राहील मग. एकटेच होता का, काका?"

"हो," ते म्हणाले. "एकटाच असतो."

एवढं बोलायला माणसाला दोनदा डोंगर चढावा लागला.

उतरताना ते वळणावर दम खायला बसले. पुढं कुणी खोळंबलेलं नव्हतं. सावकाश बसले.