सात गिलास मैदा

मी एक जुना जर्मनचा गिलास आहे. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. पण मला आजवर कोणी ॲल्युमिनियम म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असतं तर मी ओ दिली नसती. माझ्या पोटावर एक मोठा पोचा आहे. तो कसा पडला ते पुढे सांगतो. आधी एक कबुली देऊन टाकतो, मित्रांनो. मी जळका आहे. गोष्टीतल्या जुन्या वस्तू कशा गुणी आणि सोशिक असतात! मी तसला नाही. माझ्या जागी दुसरा आला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पत्र्याची एक चकती होती, तिच्यावर दणका बसला आणि मी झालो, एवढंच ठाऊक आहे. पुढे अभनपूरच्या आठवडी बाजारात मी एका ढिगात पडून होतो. तिथे कांताबाई आल्या. नवीन लग्न झालेलं, गोंदियाकडून रायपूरला नुकत्याच आलेल्या. त्यांचे यजमान देवीदासजी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. कांताबाईंनी ढिगातून मला उचललं, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा द्या. हा पाणी प्यायला नाही, मापाला घेऊन राहिली मी."

त्या दिवसापासून त्या घरात तराजू आला नाही. जे मोजायचं ते माझ्यातून. काठोकाठ भरायचं आणि वरून बोट फिरवायचं. दोघांना दीड गिलास तांदूळ लागायचे. राकेश झाला, तो जेवायला लागला, तेव्हा दोन झाले. गावाकडून दीर शिकायला आला तेव्हा अडीच. त्या घरात माणसं कशी वाढली ते मी पोटात मोजलं आहे. राकेशचे गुलगुले, देवीदासजींची मुगाची खिचडी, कोथिंबिरीच्या सांभारवडीचं बेसन, सगळ्यांच्या आवडी माझ्यातूनच गेल्या.

पण माझं नाव झालं ते नानकटाईमुळे. तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाया मैदा, साखर, तूप घेऊन भट्टीवर जायच्या आणि आपल्यासमोर बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणायच्या. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, भट्टी भैय्यालालची. तो सगळ्यांचं सामान आधी तोलायचा. कांताबाई गेल्या तर म्हणाला, "दीदी, तौल के लाना पड़ेगा."

"मले तोलायचं काम नाही," कांताबाई म्हणाल्या. "अर्धा किलो तुपाले सात गिलास मैदा. साखर माझी जीभ सांगते."

पहिल्या वर्षी नानकटाई बरी झाली. फार चांगली नाही, बरी. त्याच सुट्टीत सहा वर्षांच्या राकेशनं डब्यात तोंड घालणाऱ्या मांजरीला मला फेकून मारलं. मांजर वाचली, भिंत वाचली, आणि मला हा पोचा पडला. राकेशला दोन रट्टे मिळाले. मी तर रडकुंडीला आलो होतो. वाटलं, आता गेलो भंगारात. पण कांताबाईंनी मला टाकलं नाही. त्यांनी मला उचललं तेव्हा त्यांचा अंगठा नेमका पोच्यात बसला, आणि तेव्हापासून त्या मला तसंच धरू लागल्या. पुढच्या वर्षी नानकटाई अशी उतरली, की भैय्यालालनं एक तोंडात टाकली आणि भट्टीवरच्या सगळ्या बायांना हाक मारली. "दीदी का हाथ देखो, हाथ!" तेव्हापासून राकेश पास झाला, की नानकटाई. त्याचं लग्न ठरलं, की नानकटाई. नात दीक्षा झाली, की नानकटाई.

मग देवीदासजी रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आणि आम्ही तेलीबांध्याला राकेशच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे सूनबाई निधी होती. वाईट नव्हती हो. हसरी होती, सासूला मान द्यायची. मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. तिला केक करायचा फार नाद. तिनं ओव्हन आणला, सदर बाजारातून चकचकीत स्टीलचे सहा गिलास आणले. तेवढं मी सोसलं. मग एक दिवस खोक्यातून तो आला.

काटा! काचेचा, चपटा, खालून सेल घातलेला. बटण दाबलं की निळा उजेड आणि आकडे. मित्रांनो, त्याला पोटच नाही! त्याच्यात तांदळाचा एक दाणा मावत नाही, आणि हा मोजायला निघाला! दीक्षा तर त्याच्यावर लिंबू ठेवून बघायची, मोबाइल ठेवून बघायची, आपलं नाक टेकवून बघायची. माझ्यावर कधी कोणी नाक टेकवलं होतं? आणि मला कुठे ठेवलं? गॅलरीत, झाडांना पाणी घालायला म्हणून कढीपत्त्याच्या कुंडीत! ज्या तोंडानं पिठीसाखर मोजली, त्या तोंडात माती. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून मला आत सगळं दिसायचं. तेच वाईट होतं. दिसलं नसतं तर इतका जळलो नसतो.

निधीला दुसऱ्यांदा दिवस गेले. घरी बसून काय करायचं, म्हणून तिनं घरच्या आवडीचे सगळे पदार्थ मोबाइलमध्ये लिहून घ्यायचं ठरवलं. कांताबाई मटार सोलत बसल्या होत्या. निधीनं विचारलं, "आई, एक गिलास मतलब कितने ग्राम?"

"ग्राम मले काय माहीत? गिलासभर म्हणजे गिलासभर. काठोकाठ."

निधीनं स्टीलचा एक गिलास घेतला, काठोकाठ मैदा भरला आणि काट्यावर ठेवला. कांताबाईंनी मान वर केली नाही. आता रोजचं मोजमाप निधी करायची, मी कुंडीत गेलो ते त्यांना ठाऊकच नव्हतं; त्यांना वाटलं, गिलास म्हणजे मीच. इतक्या वर्षांत त्या घरात मापाला दुसरा गिलास होताच कुठे? काट्यानं एकशे साठ सांगितलं, निधीनं ते लिहिलं आणि नानकटाईसाठी सातानं गुणलं. मी गॅलरीतून बघत होतो. मला कळलं, की चुकतंय. स्टीलचा तो गिलास माझ्यापेक्षा मोठा होता, आणि माझ्यात तर पोच्यामुळे आणखीच कमी मावायचं.

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं का? खरं सांगू? नसतं सांगितलं. मी म्हटलं, होऊ दे फजिती काट्याची.

बाळ झालं. मुलगा. नामकरणाची तारीख ठरली आणि कांताबाई म्हणाल्या, "पाहुण्यायले नानकटाई मीच करीन." पाच दिवस आधी त्यांनी करून बघायला घेतली. निधीनं मोबाइल समोर धरला, काट्यावर मैदा मोजून दिला. कांताबाईंनी तुपात हात घातला आणि थांबल्या.

"निधी, पीठ जास्त वाटून राहिलं वं मले."

"आई, आप ही का नाप लिखा है. काँटा गलत थोड़ी बताएगा!"

कांताबाईंनी काट्याकडे पाहिलं. मग पीठ बांधलं जाईना म्हणून दुधाचा हात लावला. नानकटाई ओव्हनमधून निघाली ती दगडासारखी. देवीदासजींनी एक उचलली, चावायचा प्रयत्न केला आणि कपात सोडली. म्हणाले, "चांगली झाली. चहात बुडवली का मऊ होते."

मी कुंडीत बसून इतका हसलो! बरं झालं! करा काट्याची पूजा!

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा केली. पुन्हा दगड. या वेळी देवीदासजींनी ती न चावता सरळ चहात बुडवली. कांताबाईंनी ताट बाजूला सारलं आणि आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. "काटा तर बरोबर सांगून राहिला," त्या म्हणाल्या. "माझाच हात गेला. राकेशले सांग, दुकानातून मागव."

माझं हसू तिथंच थांबलं. मला वाटलं होतं, त्या काट्याला शिव्या देतील. त्यांनी तर स्वतःलाच दोष दिला. आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. संध्याकाळी त्या वरणाशी उभ्या होत्या आणि त्यांनी सुनेला विचारलं, "मीठ किती टाकू?"

मित्रांनो, या बाईनं आयुष्यात कोणाला मीठ किती टाकू असं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिखट विचारलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आल्याच नाहीत, हॉलमध्ये बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. निधीही कासावीस झाली. "आई, ऐसा क्यों कर रहे हो?" म्हणाली. कांताबाई म्हणाल्या, "आता तूच पाह्य बापा सगळं."

मला माझीच लाज वाटली. काट्याचं काहीच बिघडलं नव्हतं. तो आपला निळा उजेड पाडत खुशाल होता. माझ्या जळण्यात होरपळली ती मला बाजारातून उचलून आणणारी बाई.

नामकरणाच्या आदल्या दिवशी दीक्षा शाळेत होती. झाडांना पाणी तीच घालायची. कढीपत्ता सुकलेला बघून कांताबाई स्वतः गॅलरीत आल्या. मला कुंडीतून उपसलं. माती झटकली. आणि त्यांचा अंगठा पोच्यात बसला.

अंगठा पोच्यात दाबून बघितला, काढला, पुन्हा दाबला. मग इतक्या जोरात हाक मारली, की बाळ दचकून उठलं.

"निधी! तू मैदा कोणत्या गिलासानं मोजला होता?"

मला घासलं, तीनदा धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. मग निधीनं मला त्या काट्याच्या डोक्यावर बसवलं. हो, डोक्यावर! मी किती ताठ बसलो असेन याची कल्पना करा. तिनं बटण दाबून माझं वजन वजा केलं आणि मला मैद्यानं काठोकाठ भरलं. कांताबाईंनी वरून बोट फिरवलं. आकडा आला, एकशे अठरा.

निधीनं कपाळावर हात मारला. "मैं भी ना! आई, आपका हाथ कहीं नहीं गया. गलती मेरी थी."

"तुझी काहून? मीच पाहिलं नाही," कांताबाई म्हणाल्या. "हात सांगून राहिला होता का पीठ जास्त आहे. मीच त्याचं ऐकलं नाही." एवढं बोलून त्यांनी पदराला डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "तूप काढ."

त्या दिवशी मी सात वेळा भरलो. नानकटाई ओव्हनमधून निघाली तेव्हा शेजारच्या प्रमोदिनीबाई वास घेत दारात आल्या. देवीदासजींनी एक न बुडवता खाल्ली. मग दुसरी. मग कोणी बघत नाही असं समजून दोन खिशात घातल्या. दुसऱ्या दिवशी बाळाचं नाव पियुष ठेवलं आणि डबा दुपारीच रिकामा झाला. आणि वरणात मीठ किती, ते कोणी कोणाला विचारलं नाही.

इथे गोष्ट संपली असती, तर मी शहाणा झालो असं तुम्हाला वाटलं असतं. पण त्याच रात्री निधीनं मोबाइलमध्ये जुना आकडा खोडून एकशे अठरा लिहिलं. माझं एकुलतं गुपित आता काट्याकडे गेलं होतं. आता माझी गरज काय? कांताबाईंनी मला मैद्याच्या डब्यात ठेवलं होतं, पण मी तिथेही धुसफुसत होतो. सवय जाते का?

आता पियुष दहा महिन्यांचा आहे. परवा तो रांगत आला, डबा पाडला, मला दोन्ही हातांनी धरलं आणि फरशीवर दाणकन् आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात वर केला तोच निधी ओरडली, "अरे, उसमें और पोचा पड़ जाएगा!" धावत आली. खोटं वाटेल तुम्हाला, पण तिनं आधी मला उचललं, मग पोराला. मला उजेडाकडे धरून चहूबाजूंनी पाहिलं. मैदा भरला, काट्यावर ठेवलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

"एकशे अठरा," ती मराठीत म्हणाली. "वाचला."

आकडा तिच्या मोबाइलमध्ये केव्हाचा होता. माझ्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. तरी ती धावली.

तेव्हा मित्रांनो, घरात नवं खुशाल आणा, माझी ना नाही. थोडा जळेन, ते मनावर घेऊ नका. पण जुनं भांडं कुंडीत टाकण्याआधी त्याच्यात किती मावतं, ते एकदा मोजून बघा. आणि ते ज्या हातात इतकी वर्षं राहिलं, त्या हातालाही एकदा विचारा.