सहकुटुंब पाहण्यासारखा

मधुकरराव वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी नळावर पानठेल्यावाल्याची बायको म्हणाली का सिनेमावाल्यायचा चमचा गेला म्हणे. माही घागर भरून राहिली होती. ती तशीच सोडली अन् तिले असं झाडलं का तिची सून घराबाहेर येऊन पाहाले लागली. मेलेल्या माणसाले कोणी चमचा म्हणते का? अन् म्हणते तं कोणाले? ज्याचे उपकार माह्यानं या जन्मात फिटत नाई, त्याले?

आता खरं सांगाचं तं ते सिनेमाबद्दल खोटं लिहीत, याच्यात वाद नाई. दर रविवारी पेपरात त्यायचं परीक्षण ये. सिनेमा कोणताही असो, कथा हृदयस्पर्शी, गाणी कर्णमधुर, अन् शेवटी ठरलेलं वाक्य, 'सहकुटुंब पाहण्यासारखा'. अख्ख्या नागपुराले माहीत होतं का या माणसाच्या भरवशावर टाकीजमंदी जाणं म्हणजे दुपार पाण्यात घालणं. कॉलेजचे पोट्टे त्यायचं परीक्षण चौकात मोठ्यानं वाचत अन् पोट धरून हसत. त्यायच्या अक्षर न् अक्षरावर भरवसा ठेवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माहा सासरा, नत्थूजी, मी त्यायले मामाजी म्हणो.

मामाजी पाचपावलीतले पट्टीचे विणकर. खड्ड्याच्या मागावर बसले का लुगड्याचा काठ असा काढत का पाहात राहावं. शाळा बेताचीच, पण छापील अक्षराले लय मानत. बोलणारा उद्या पलटते, छापलेलं पलटत नाई, असं त्यायचं म्हणणं. घरातल्या बायायनं सिनेमाले जाव का नाई, हेही ते रविवारचा पेपर वाचून ठरवत. 'सहकुटुंब' हा शब्द दिसला का चष्मा काढत अन् म्हणत, जा. मग बुधवारी ते लुगडे घेऊन विणकरायच्या सोसायटीत गेले का मी अन् माही सासू दुपारच्या खेळाले जावो.

याच्यात माहा मतलब सिनेमाशी नव्हता बाप्पा. माहा मतलब माह्या मायशी होता.

माहं माहेर तांडापेठेत. पाचपावलीतून निघालं तं चालता चालता येते. पण लग्नाले साल नाई झालं अन् माह्या बापानं हातमाग विकून पावरलूम टाकले. मामाजीचं डोकं फिरलं. ज्यानं आपल्याच भाऊबंदाच्या पोटावर पाय देला, त्याच्या घरी माही सून जाणार नाई अन् त्याच्या घरचं कोणी इथी येणार नाई, असं त्यायनं भर पंचात सांगतलं. माहा बापही तसाच हेकट. तोही म्हणे, नको येऊ दे. माहा नवरा जागेश्वर बापापुढं तोंड उघडे ते फक्त जेवाले. दोन म्हाताऱ्यायच्या हट्टापायी आमी दोघी माय-लेकी झुरून राहिलो.

अन् एका बुधवारी बर्डीवरच्या टाकीजमंदी बायायच्या बाकावर पाह्यतो तं माय बसली. मी जागच्या जागी उभी. माही सासू जनाबाई, मी तिले आत्याबाई म्हणो, तिनं मायकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् एक जागा सोडून सरकली. सिनेमाची भारी शौकीन बाई ती. म्हणाली, "मी सिनेमा पाहाले आली. मले बाजूचं काही दिसत नाई. गाण्याच्या वेळी मात्र बोलू नका."

तेव्हापासून तसंच ठरलं. मायले वाचता येत नसे. ती शेजारणीच्या पोरीकडून रविवारचं परीक्षण वाचून घे. 'सहकुटुंब' निघालं का बुधवारी हजर. आमच्यात निरोप नाई, सांगावा नाई. मधुकररावाचं परीक्षण हाच आमचा सांगावा, अन् त्यायले बिचाऱ्यायले पत्ताच नाई. पडद्यावर काय चाललं हे आमाले काय ठाऊक? आमी हातात हात घेऊन बसो, माय पदराखालून मुरमुऱ्याचा लाडू काढे, अन् गाणं लागलं का आत्याबाईच्या धाकानं गप होवो.

मग मले दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कोण जाणत नाई? मामाजीनं पाठवलं नाई. आत्याबाईनं काही कमी केलं नाई, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं केलं. पण माय ते माय. लेक झाला हे तिले कोणाकडून तरी कळलं. लेक दिसला नाई.

बाहेर निघाचे दिवस आले, तशी मी रविवारची वाट पाहू लागली. या बुधवारी मायच्या मांडीवर लेक द्याचा, एवढंच माह्या डोक्यात. मामाजीनं पेपर उघडला, वाचता वाचता त्यायच्या कपाळाले आठ्या पडल्या, अन् त्यायनं मोठ्यानं वाचलं. सिनेमा डाकूचा होता. मधुकररावानं लिहिलं होतं का यातलं सगळं अंधारात घडते, कथाही अंधारातच चाचपडते, अन् बायका-मुलांना घेऊन कोणी जाऊ नये.

मामाजी म्हणाले, हा माणूस कधी कोणाले वाईट म्हणत नाई. हाच असं लिहून राहिला, म्हणजे सिनेमाचा जमाना किती नासला असंल. आजपासून टाकीज बंद. हा नाई, कोणताच नाई.

मी मोरीत जाऊन रडली. रडून झालं, मग राग आला. जन्मभर खोटं लिहिलं अन् नेमकं आताच या माणसाले खरं सुचलं? काहून? आत्याबाईनं माहं तोंड पाह्यलं. दुसऱ्या दिवशी लेकराले टोचून आण म्हणून मामाजीदेखत सांगतलं अन् बाहेर येऊन सायकलरिक्षावाल्याले हळूच म्हणाली, रामदासपेठेवरून जाय. पेपरचं हापीस तिथीच होतं.

मधुकरराव निघाले बारीक, चष्म्याचे, टेबलाच्या एका बाजूले कापसाचे भाव अन् दुसऱ्या बाजूले सिनेमाचे फोटो घेऊन बसलेले. दोन्ही तेच लिहीत. भांडाले येणाऱ्यायची त्यायले सवय असावी. मले पाहून उठले, हात जोडले.

"कोणता सिनेमा पाहून आल्या, बाई? माफी असावी."

"पाह्यला नाई म्हणून आली," म्या म्हटलं.

मग सगळं सांगतलं. मायचं, मामाजीचं, पावरलूमचं, लेकराचं. लेकरू रडून राहिलं, मी बोलून राहिली. त्यायनं आपली खुर्ची मले देली अन् स्वतः उभे राहिले. म्हणाले, बाई, खरं सांगतो, मी कित्येक वर्षं सिनेमा पाहतच नव्हतो. बाजारभाव लिहून होईपर्यंत संध्याकाळ होते, मग फोटो पाहून लिहितो. वाईट काहून लिहाचं, एवढ्या लोकायनं मेहनत केली असते. पण मागच्या महिन्यात पोट्ट्यायनं मधुकररावाच्या पोरीदेखत त्यायची नक्कल केली होती. पोरगी घरी येऊन जेवली नाई. म्हणून त्यायनं ठरवलं, एकदा पूर्ण सिनेमा पाहाचा अन् दिसलं तसं लिहाचं. अन् काय सांगू, कालपासून लोक रस्त्यात थांबवून हात मिळवून राहिले होते. संपादकानं स्वतः चहा पाजला. पोरगी खुश झाली. हे सांगताना त्यायचा चेहरा पास झालेल्या पोरासारखा फुलला होता. मले वाईट वाटलं. पण लेकरू माह्या मांडीवर होतं.

"तुमच्या खोट्यानं मले माही माय भेटली," म्या म्हटलं. "तुमचं खरं घेऊन मी काय करू?"

त्यायनं लेकराकडे पाह्यलं. मग फक्त घर कुठी आहे ते विचारलं.

दोन दिवसायनं सायकल घेऊन आमच्या दारात हजर. पेपरवाला आला म्हणून अख्खी गल्ली जमा झाली. मामाजी मागाच्या खड्ड्यातून वर आले, बाजेवर चादर टाकली, चहा ठेवाले लावला. तुमी खरं लिहिलं, तुमच्यामुळं माह्या घरातल्या बाया वाचल्या, असं काय काय म्हणून राहिले. मी आत सुताच्या कांड्या भरत बसली होती, पण चरख्याचा हात थांबला होता.

"नत्थूजी," मधुकरराव म्हणाले, "ते परीक्षण मी सिनेमा न पाहता लिहिलं. अंगात ताप होता. मग पाह्यला, तं चांगला निघाला. सहकुटुंब पाहण्यासारखा आहे."

"अन् याच्या आधीचे?" मामाजीनं विचारलं.

"ते सगळे पाहूनच लिहिले."

मी तोंडात पदर कोंबला. एकच सिनेमा पाह्यला तो पाह्यला नाई म्हणते, अन् एकही पाह्यला नाई ते सगळे पाह्यले म्हणते! मामाजीनं चहाचा कप त्यायच्या हातात देला. मग म्हणाले का तोंडचं मी मानत नाई. चुकलं असंल तं तसं छापा.

याचा विचार मधुकररावानं केला नसावा. कप त्यायच्या हातातच राह्यला. घरी येऊन सांगणं वेगळं अन् सगळ्या गावापुढं थुंकलेलं गिळणं वेगळं. मले वाटलं, आता हे उठून जातील, अन् गेले असते तं म्या त्यायले दोष देला नसता. त्यायनं चहा संपवला, कप खाली ठेवला अन् म्हणाले, छापतो.

अन् छापलं बाप्पा. पुढच्या रविवारी, चौकटीत. गेल्या वेळचं मत आम्ही मागं घेतो, चित्रपट उत्तम आहे, सहकुटुंब पाहण्यासारखा आहे. नागपूर महिनाभर हसलं. टाकीजच्या मालकानं पैशाचं पाकीट पोहोचवलं असंल, असं जो तो बोलला. चमचा हे नाव तेव्हाच पडलं. एका दिवसात कमावलेली इज्जत त्यायनं आपल्या हातानं घालवली, माह्यासाठी, जिचं नावही त्यायले धड माहीत नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरी पुरण शिजलं का पहिला डबा मधुकररावाकडे जात गेला. त्यायच्या पोरीच्या लग्नातलं लुगडं मी मागावर बसून स्वतः विणलं. एवढंच माह्या हातून झालं.

पण त्या रविवारी मामाजीनं ती चौकट वाचली, चष्मा काढला अन् म्हणाले, "जा. यावेळी मीही येतो." छापलेलं पलटलं, हे त्यायच्या मनाले खटकलं होतं. एकदा आपल्या डोळ्यानं पाहाचं होतं. मायले आता अडवाचं कसं? तिनं तं पेपर वाचून घेतला असंल.

बुधवारी मामाजी माणसायच्या बाजूले बसले, आमी बायायच्या. डाकूचा सिनेमा, लोकायले तेच पाह्यजे, टाकीज भरलेलं. अंधार झाल्यावर माय आली. मामाजी आल्याचं मी तिच्या कानात सांगतलं, पण ती गेली नाई. म्या लेक तिच्या मांडीवर ठेवला.

अन् सिनेमा असा का त्याच्यात दिवसच उगवे ना! डाकू रात्री येत, रात्रीच जात. पडदा काळा तं टाकीज काळं. मायनं लेकराचं तोंड पाहाले मान वाकवली तं काहीच दिसे ना. मग ती बोटानं पाहू लागली. कपाळ, नाक, कान. "याच्यात सकाळ होत नाई का वं?" ती मले म्हणाली, अन् मी हसली का रडली, मले ठाऊक नाई. मधुकररावानं शंभर टक्के खरं लिहिलं होतं.

मध्यंतर झालं. दिवे लागले. मायनं लेकराले दोन्ही हातात वर धरलं अन् पाहात राहिली, डोळ्यातून धारा. तेवढ्यात आत्याबाईनं माह्या हाताले चिमटा काढला. दारात मामाजी उभे होते, हातात फुटाण्याचा पुडा.

मायनं पदर डोक्यावर ओढला अन् घाईघाईनं लेक माह्याकडे द्याले लागली. लेकरानं तिचा अंगठा धरून ठेवला होता, तो सुटे ना. मामाजीनं ते पाह्यलं. पुडा आत्याबाईच्या हातात देला अन् आपल्या जागेवर गेले. पुढच्या सिनेमात कोणाले मारलं, कोणाले फाशी देली, काही कळलं नाई.

घरी आल्यावर मामाजी मागावर बसले ते उठले नाई. तीन दिवस कोणाशी बोलणं नाई. जागेश्वर म्हणाला, आता बाप तुले कायमची तांडापेठेत पाठवते. आत्याबाईही देवापुढं दिवा लावताना घाबरलेली दिसे. सिनेमा कसा होता हे मामाजीनं शेवटपर्यंत बसून पाह्यलं होतं. आपल्या बाजेवर बसून पेपरवाला आपल्याशी खोटं बोलला, हे कळाले त्यायले कोणाची गरज नव्हती. अन् काहून बोलला, तेही दिसलं होतं.

रविवार आला. मामाजीनं पेपर मागवला. मधुकररावानं नवीन सिनेमाचं लिहिलं होतं, कथा हृदयस्पर्शी, गाणी कर्णमधुर. मामाजीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, चष्मा काढला, पेपराची घडी केली.

"मधुकरराव चांगला म्हणते," ते म्हणाले. "जा."

मी जागची हलली नाई. ते मागाच्या खड्ड्यात उतरले, विणाचा धोटा हातात घेतला, अन् माह्याकडे न पाहता म्हणाले, "मधल्या बाकावर बसू नका. मागच्या दाराजवळ बसा. तिथी दिवा राहते, लेकराचं तोंड दिसते."