मागल्या खोलीतला माग

मित्रांनो, मी सोलापुरातला एक जुना हातमाग आहे. आज माझे बाभळीचे खांब वाळवीने पोखरले आहेत. पण एके काळी माझ्यावर विणलेली लुगडी बायका हौसेने नेसत. माझे मालक चन्नप्पा. आमच्या विणकरांच्या गल्लीत गिरणीचा भोंगा झाला, की घराघरांतून सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांची खटखट सुरू होई. एखादा माग गप्प राहिला, तर शेजारची केराबाई लगेच डोकावे. "का रं, बरं न्हाय व्हय?"

ते इंग्रजी अमदानीतले दिवस. थोडी बरकत येताच चन्नप्पांच्या मनाने घेतले, की घर घ्यायचे ते कारकून-वकिलांच्या पेठेत.

"तितं आपलं कोण हाय वो?" त्यांची बायको दाक्षायणी म्हणाली.

"घर तर बघ की! कसल्या दगडी भिंती हायती!"

घर खरेच देखणे होते. पण तिथे मला उभारून विणायला बसताच शेजारचे कारकून विचारायला आले, "अहो, ही कसली खटखट? आपल्या पेठेत असले धंदे नाहीत."

"छे साहेब, जुनं लाकूड हाय. इकायचंय," चन्नप्पा म्हणाले.

मित्रांनो, ज्या हातांनी रोज मला कुंकू लावले, त्याच हातांनी मला मागल्या, बिनखिडकीच्या खोलीत नेले. दार लावून चोरून काम होऊ लागले.

घरभरणीला केराबाई ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन आली. ओसरीवर पेठेतली मंडळी बसली होती. चन्नप्पा लगबगीने आडवे आले. "अक्का, पाहुणे हायती. मागल्या दारानं या."

ती मागल्या दारी आली, भाकऱ्यांचे फडके पायरीवर ठेवले आणि निघून गेली.

पुढे एकदा चन्नप्पा लुगडी घेऊन बाजाराला गेले होते. दाक्षायणी माझ्या खोलीत माळ्यावरचे सूत काढत होती. शिडी घसरली आणि तिचा पाय मोडला. तिने पुष्कळ हाका मारल्या. पण माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून निवडलेली ती खोली. तिची हाक तरी बाहेर कशी जाणार? मी गप्प होतो, तरी जुन्या गल्लीसारखे डोकावायला कोणी आले नाही. इथे तर माझे गप्प राहणेच सगळ्यांना हवे होते.

दिवेलागणीला चन्नप्पा आले आणि तिला पाहताच धावत सुटले, ते थेट जुन्या गल्लीत. केराबाई हाडवैद्याला घेऊन आली. पुढच्या दारापाशी मात्र थबकली.

"चन्नप्पा, मागल्या दारानं येऊ व्हय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. चन्नप्पांची मान जी खाली गेली, ती पाय बांधून होईपर्यंत वर आली नाही. शेवटी ते पुटपुटले, "अक्का, तुमच्या गल्लीत एखादं घर बघा."

"आमच्या भिंतीला लागूनच एक रिकामं हाय. पर लई गळतंय."

"गळू द्या," दाक्षायणी अंथरुणातूनच म्हणाली.

आम्ही परत आलो. दाक्षायणी पुढे जन्मभर लंगडली. तिचे ओढते पाऊल वाजले, की चन्नप्पांचा हात धोट्यावर थांबे. केराबाईने दाराचा विषय पुन्हा कधीच काढला नाही. तिने चार शब्द सुनावले असते, तर त्यांना सोपे गेले असते.

मित्रांनो, घर घेताना भिंती अवश्य पाहा, पण आधी गल्लीत थोडा वेळ उभे राहा. जिथे आपले काम लपवावे लागेल, तिथे बिऱ्हाड करू नका. आणि माझ्यासारखे जुने अवजार घरात असेल, तर अधूनमधून त्याची धूळ पुसा. तेही जमले नाही, तर राहू द्या. पण पाहुणे आले म्हणून त्याला झाकू नका.