भिंगरीचे हात

शाळेत प्रकल्प मिळतो मुलांना आणि घरी कात्री-डिंक घेऊन बसतात आईबाप. खोटं वाटतं? प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभे राहून बघा. बाप पुठ्ठ्याचा ज्वालामुखी दोन्ही हातांनी जिवापाड सांभाळत आणतोय आणि पोरगं मागून रमतगमत येतंय, पाहुण्यासारखं! आपण हसतो, "अहो, आमच्याकडेही तेच," म्हणतो आणि विषय सोडून देतो. मीही सोडून दिला असता. पण भिंगरीच्या घरी घडलेलं ऐकल्यापासून ते फाटक दिसलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून आत्यानं ठेवलेलं. तिचे बाबा एका कारखान्यात खोकी भरणाऱ्या यंत्रांचे आराखडे काढायचे. शाळांच्या रोबो स्पर्धेत लेकीनं आणि तिच्या मैत्रिणीनं नाव दिलं, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

खेळ सोपा होता. रिंगणात चेंडू विखुरलेले. रोबोनं ते उचलून किंवा ढकलून फळ्यांवर न्यायचे. जमिनीलगतच्या खालच्या फळीला थोडे गुण, वरच्या फळीला बरेच जास्त. रोबो रिमोटनं चालवायचा आणि तो विद्यार्थ्यानंच, हा नियम.

"आपण वरच्या फळीच्या नादी लागायचंच नाही," भिंगरी पहिल्याच दिवशी म्हणाली. "सगळे वर ठेवत बसतील, त्यात वेळ जाईल. आपण पुढे झाडूसारखी झालर लावू आणि खालच्या फळीत भराभर ढकलत सुटू. हात-बीत लावायलाच नको!"

"झाडू?" बाबा हसले. "अगं, स्पर्धेला चाललीस की केर काढायला?"

सगळे हसले. भिंगरीही हसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर टेबलावर रोबोला तीन सांध्यांचा चकचकीत हात बसलेला. तो बघून मैत्रीण म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, छान झालाय त्यांचा रोबो," आणि पुन्हा आली नाही.

सरावात भिंगरीनं रोबो भिंतीवर आदळला. हात वाकला. बाबांचा जीव वरखाली झाला. "तुला सांभाळून घ्यायला" म्हणून त्यांनी रोबोत आणखी एक जोडणी केली. त्यांचा मोबाईल चालू असला की रोबो मोबाईलचं ऐकणार, बंद केला की भिंगरीच्या रिमोटचं. फक्त अडीअडचणीला, असं ठरलं होतं. पण त्यानंतर तो मोबाईल कधी बंद झालाच नाही.

"तू नुसते अंगठे हलवत राहा," बाबा म्हणाले. "कुणाला कळतंय!"

अंगठे हलवणंही सोपं नसतं. रोबो डावीकडे आणि अंगठा उजवीकडे गेला की चोरी उघडी पडणार. मग भिंगरीनं एक युक्ती शोधली. रोबो चालवताना बाबांचा खांदा किंचित हलतो, हे तिच्या लक्षात आलं. ती रोबोकडे बघायचं सोडून बाबांकडे बघू लागली. खांदा इकडे, अंगठा इकडे. खांदा तिकडे, अंगठा तिकडे. बाबा तर खूश! "काय हुशार पोर आहे," म्हणत तिच्या आईला कौतुकानं दाखवायचे.

आईला मात्र घरात काहीतरी निराळंच जाणवत होतं. घर फार शांत झालं होतं. खोलीत भिंगरी आहे हे मागे वळून पाहिल्याशिवाय कळेना. बोलण्याआधी ती बाबांसारखाच घसा खाकरायची. दुधाचा पेला समोर ठेवला की आधी बाबांकडे बघायची आणि त्यांनी कप उचलला की मग पेला उचलायची.

"अहो, ही अशी काय करते?" आईनं विचारलं.

"मन लागलंय तिचं," बाबा म्हणाले. "वळण लागतंय."

स्पर्धेच्या आदल्या दुपारी आत्या आली. आत्या लोकांना मोटार चालवायला शिकवते. मोठ्या आवाजाची, रोखठोक बाई. आल्या आल्या म्हणाली, "काय गं भिंगरे, येतेस का फिरायला?"

भिंगरी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं सावकाश मान वळवली आणि बाबांकडे बघत राहिली. चेहऱ्यावर ना राग, ना हौस. मागे टेबलावर रोबोही अर्धा हात वर करून थांबलेला. आत्याला भरदुपारी थंडी वाजल्यासारखं झालं.

"जा की," बाबा म्हणाले, तेव्हा ती उठली.

"थांब, बैस जरा," म्हणून आत्यानं भावाला बाहेर नेलं. "हे काय करून ठेवलंस रे पोरीचं?"

"काहीतरीच काय, ताई! मदत करतोय फक्त."

"माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, माहितीये ना? नवीन होते तेव्हा मी सारखी तो दाबायचे. एक मुलगा होता, माझ्याबरोबर अगदी झकास चालवायचा. परीक्षेच्या दिवशी समोर भिंत आली आणि त्याचा पाय हललाच नाही. परीक्षकांनी हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. ते नंतर मला काय म्हणाले सांगू? म्हणाले, हा मुलगा समोर बघतच नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता!"

बाबा खिशातला मोबाईल चाचपू लागले.

"त्या दिवसापासून मी पाय ब्रेकच्या वर धरते, पण दाबत नाही. घाम फुटतो रे मला! पण शिकवणं म्हणजे तेवढंच."

"एवढी स्पर्धा होऊ दे. मग देतो सोडून."

"तू सोडशील. तिला तोवर सुटता येईल का?"

स्पर्धा एका व्यायामशाळेत होती. उंच छत, पांढरे दिवे, मधे बुटक्या भिंतींचं रिंगण आणि चहूबाजूंनी पालकांच्या खुर्च्या. बाबा पहिल्या रांगेत बसले, मोबाईल मांडीवरच्या कोटाखाली. आत्या शेजारी. भिंगरी बरोबर समोर, हातात रिमोट. पहिल्या फेऱ्या त्यांनी आरामात जिंकल्या. तो चकचकीत हात वर जायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

अंतिम फेरीआधी परीक्षक बाईंनी भिंगरीला विचारलं, "हा हात असाच का केला?"

भिंगरीनं घसा खाकरला आणि घडाघडा उत्तर दिलं. शब्द बाबांचे, थांबण्याच्या जागाही बाबांच्या.

"छान. आणि तुला स्वतःला यातलं काय आवडतं?"

हे पाठ करून घेतलेलं नव्हतं. भिंगरीची मान सावकाश खुर्च्यांकडे वळली. ओठ किंचित उघडे राहिले. बाबा अस्वस्थ होऊन खुर्चीत सरकले, तर उभी असलेली भिंगरीही तेवढीच सरकली. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खुर्च्यांकडे, आणि त्या बाजूला झाल्या.

अंतिम फेरी सुरू झाली. बाबांनी रोबो पुढे काढला, हात उचलला. तेवढ्यात त्यांच्या कानाला खाज सुटली. त्यांनी कान खाजवला.

समोर भिंगरीनं कान खाजवला.

बाबांना वाटलं, योगायोग असेल. त्यांनी हनुवटी चोळली. भिंगरीनं हनुवटी चोळली. ती रोबोकडे बघतच नव्हती. तिचे डोळे, पापणीही न लवता, बाबांवर लागलेले. त्यांनी डावा हात हळूहळू वर नेला. रिमोटवरून भिंगरीचा डावा हात सुटला आणि तसाच हळूहळू वर गेला. बाबांची बोटं थरथरत होती. तिचीही बोटं थरथरू लागली! ती चेष्टा करत नव्हती हो. आपला हात वर गेलाय, हे त्या लेकराला ठाऊकच नव्हतं!

"ताई," बाबा कुजबुजले. "ताई, तिचा हात बघ."

"बघतेय," आत्या म्हणाली. "ब्रेकवरचा पाय काढ."

बाबांनी मोबाईल बंद केला. रोबो जागच्या जागी थांबला. भिंगरी अजून बाबांच्या खांद्याकडेच बघत होती. तेव्हा बाबांनी बापाला सगळ्यात जड जाणारं काम केलं. ते उठले आणि त्यांनी आपल्या लेकीकडे पाठ फिरवली.

"काय करतेय?" त्यांनी मागच्या भिंतीकडे बघत विचारलं.

"उभी आहे."

"अजून?"

"उभीच आहे. हात खाली आलाय. वळू नकोस!"

खुर्च्यांमधून चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "बंद पडला, बंद पडला!" बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले. वळावं, मोबाईल सुरू करावा, असं हजारदा वाटलं. ते वळले नाहीत.

आणि धाडकन आवाज झाला.

"आदळला!" आत्या ओरडली. "भिंतीवर आदळला! तिनं आदळला!"

त्यापाठोपाठ एक हसू ऐकू आलं. खळखळून आलेलं, किती दिवसांत न ऐकलेलं. बाबा वळले. वाकलेला हात लोंबकळत होता. भिंगरीनं अख्खा रोबो गर्रकन उलटा फिरवला आणि ती त्याच्या सपाट पाठीनं चेंडू खालच्या फळीत ढकलायला लागली. एक सुटला, दोन गेले, पुन्हा आदळली, पुन्हा वळली. जीभ दातांत धरलेली आणि नजर फक्त रोबोवर!

ती फेरी ती हरली. बाबा स्वतःच परीक्षक बाईंकडे गेले आणि मोबाईलची सगळी हकीकत सांगून टाकली. आधीच्या फेऱ्याही बाद झाल्या. व्हायलाच हव्या होत्या. जाताना बाई भिंगरीला म्हणाल्या, "ती उलट्या रोबोची युक्ती कुणाची गं?"

"माझी," भिंगरी म्हणाली. घसा न खाकरता.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. बाबांच्या मनातली धास्ती जात नव्हती. न राहवून त्यांनी डावा हात हळूच वर केला. भिंगरीनं मान वर केली. टेबलावरचा तिचा डावा हात जरासा हलला. आईचा घास हातातच राहिला. मग त्या हातानं पाण्याचा पेला उचलला.

"काय रे बाबा, हात का वर? काही विचारायचंय का?"

बाबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हो. ती झालर कशी लावायची म्हणतेस?"

"ते मी आणि मैत्रीण बघू. तिची माफी मागून बोलावणार आहे मी. तू फक्त स्क्रू ड्रायव्हर दे."

मंडळी, मुलांना मदत जरूर करा. स्क्रू ड्रायव्हर द्या, वाकलेला हात सरळ करायला शिकवा, पडली तर उचला. पण त्यांचे हात आपण होऊ नका. ज्याला आदळूच दिलं नाही, त्याला वळायचं कसं ते कळणार कुठून? आणि आमच्या घरी असलं काही नाही, असं छातीठोक सांगणार असाल, तर आज जेवताना लेकरासमोर काही न बोलता डावा हात वर करून बघा.