माळ्यावरची आत्या

आमच्या कोप्पात, म्हणजे वाडीत, घरं नऊ आणि घोडनवरे अकरा. सुपारीला भाव आहे, विहिरींना पाणी आहे, दारोदार दुभती गाय आहे, पण पोरी बंगळूरला गेल्या त्या गेल्याच. पूर्वी मुलीचा बाप जोडे झिजवायचा. आता मुलीकडचेच येतात, घर बघतात, न्हाणीघर बघतात, अंगणभर फिरून मोबाइलची रेंज बघतात आणि ‘कळवतो’ म्हणून जातात. कळवत कुणीच नाही.

या अकरांत वयानं तिसरा विघ्नेश्वर हेगडे. वय अडतीस, बोलणं बेताचं, सुपारीच्या झाडावर चढण्यात मात्र पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तो आणि त्याची आई मूकांबा. तो तिला आयी म्हणतो, म्हणून सगळं गाव आयीच म्हणतं. आणि तिसरी आत्या.

आत्या म्हणजे धामण. चांगली साडेसहा फूट लांब, मनगटाएवढी जाड. न सांगता येते, पोटभर खाते, न सांगता जाते, म्हणून वडिलांनीच तिला आत्या म्हणायला सुरुवात केली. त्यांची सख्खी बहीण त्यावरून दोन वर्षं रुसली होती. सुपारीची पोती माळ्यावर, उंदीर पोत्यांत आणि आत्या उंदरांच्या मागावर, असं अकरा वर्षं सुरळीत चाललेलं. माळ्यावर चढायच्या आधी खाली शिडीशी उभं राहून तीनदा टाळी वाजवायची, म्हणजे तिला बाजूला व्हायला सवड मिळते, हा त्या घरचा रिवाज. तिला विष नाही, तिनं कधी कुणाच्या अंगावर फूत्कारही टाकला नव्हता. शिवाय परसात नानेटी, पाटाच्या पाण्यात दिवड, तेही बिनविषारी साप, गोठ्यामागच्या पालाखतात दर पावसाळ्यात कुणाची ना कुणाची पिल्लं. एखादा दिवड गोठ्यात शिरला तर आयी त्याला म्हणायची, तुझं काम पाटात, इथं काय ठेवलंय, आणि केरसुणीनं वाट दाखवायची. तोही मुकाट जायचा.

पाहुण्यांना हे कसं पचावं? शिवमोग्ग्याच्या एका मुलीनं शिडीवर लोंबणारी कात पाहिली, ती जी गाडीत जाऊन बसली ती उतरलीच नाही. दुसऱ्या एका मुलीचा बाप सिरसीच्या बाजारात चारचौघांत म्हणाला, मुलगा बरा आहे हो, पण घरात माणसं फार. लोक हसले, विघ्नेश्वरही हसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि मग तिम्मण्णा भट वेदावतीचं स्थळ घेऊन आला. तिम्मण्णा लग्नकार्यांत आचारी, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय ते त्याला आधी कळतं. मुलगी सिद्दापूरकडची, तेहेतीस वर्षांची. बंगळूरला दिली होती, तीन वर्षांत परत आली, आता पाच वर्षं भावाकडे शिवणकाम करते. हातांवर आणि ओठाशी कोड आहे. तिम्मण्णानं हे सगळं दारातच सांगून टाकलं आणि फोटो पुढं केला. फोटोत ती कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती, डाग पडलेला हात तसाच गालावर ठेवून. विघ्नेश्वरनं तो फोटो परत द्यायला फार वेळ लावला. त्याला ती आवडली होती, आणि तेच त्याचं दुखणं झालं. आधीच्या पाच जणींनी नाही म्हटलं तेव्हा अपमान झाला होता. हिनं नाही म्हटलं तर नुसता अपमान होऊन भागणार नव्हतं.

गुरुवारी पाहुणे येणार होते. मंगळवारी सकाळी त्यानं आयीला सांगितलं की आत्याला दूर कुठंतरी सोडून येतो.

आयी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. सून हवी म्हणून गेली दहा वर्षं तिनं एक देव सोडला नव्हता, त्यामुळे नको म्हणायला तिला तोंड नव्हतं. ती उठून आत गेली आणि उशीचा धुतलेला अभ्रा घेऊन आली.

“पोत्यात घालू नको. तागानं अंग सोलतं तिचं.”

त्या दिवशी विघ्नेश्वर टाळी न वाजवता माळ्यावर चढला. आत्या पोत्यांवर उन्हाच्या कवडशात पडली होती. त्यानं शेपटी धरली तशी ती वळली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिला अभ्र्यात घालून, मोटारसायकलवर पुढं घेऊन तो डोंगर ओलांडून पलीकडच्या ओढ्याशी गेला. अभ्र्याचं तोंड सोडलं, तर ती लगेच गेली नाही. जीभ बाहेर काढून तिनं इकडची हवा चाखली, तिकडची चाखली. मग दगडांत शिरली. परतीच्या वाटेवर त्याला रडू आलं. ती पुन्हा कधी आली नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटापर्यंत कुणी तिची वाट बघायला नको.

गुरुवारी दहाच्या सुमारास गाडी आली. वेदावती, तिचा थोरला भाऊ नरहरी, त्याची बायको आणि तिम्मण्णा. आयीनं गूळपाणी दिलं, मग धणे-जिऱ्याचा कषाय दिला. नरहरी ठेकेदार माणूस, बोलणं मोजूनमापून. पाच वर्षं बहिणीला त्यानं सांभाळलं होतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाग किती, मजूर मिळतात का, दवाखाना किती लांब, असं त्यानं एकेक विचारून घेतलं. विघ्नेश्वरनं शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं. आता मुलीला घर दाखव, असं आयी म्हणाली.

वेदावतीनं स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. मग माळ्याच्या शिडीशी येऊन ती थांबली, पदर खोचला आणि तीनदा टाळी वाजवली.

ती वर चढली. विघ्नेश्वर मागोमाग गेला. तिनं पोत्यांमागं वाकून पाहिलं, तुळईवर पाहिलं.

“दिसत नाही ती. तुमची आत्या. तिम्मण्णा भटांनी सांगितलंय मला सगळं.”

तिम्मण्णाचा हिशेब सरळ होता. लपवून पाच स्थळं मोडली, सहावं सांगून बघू. फक्त हे त्यानं विघ्नेश्वरला सांगितलं नव्हतं.

आता नुसतं ‘असेल इथंच कुठंतरी’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. साप दिसला नाही तर कोण पुरावा मागतं? ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते. पण ती पोत्यांमागं ज्या उत्सुकतेनं बघत होती, ते पाहून त्याच्यानं खोटं बोलवेना.

“ती नाहीये,” तो म्हणाला. “परवा मी तिला डोंगरापलीकडं सोडून आलो. तुम्ही येणार होतात म्हणून.”

वेदावती सरळ उभी राहिली. मग बोलली ती त्याच्याकडं न बघता, पोत्याची सुतळी चाचपत. बंगळूरच्या घरी पाहुणे यायचे असले की तिला मागच्या खोलीत बसायला सांगत. आधी तासभर, मग दिवसभर. नणंदेच्या साखरपुड्याला तर दोन दिवसांसाठी माहेरी पाठवलं आणि न्यायला कुणी आलंच नाही. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. नुसतं पाहुण्यांसमोर नको, एवढंच.

“ज्या घरात सापालासुद्धा दडवत नाहीत, ते घर बघू म्हणून आले होते मी,” ती म्हणाली. “उद्या तुमच्याकडं बंगळूरचे पाहुणे येतील. तेव्हा मला कुठं सोडून याल?”

आपण चुकलो एवढंच विघ्नेश्वर म्हणाला, आणि ते त्यानं दोनदा म्हटलं. तिनं त्याच्या मनगटाकडं पाहिलं. बाही वर सरकली होती आणि दातांची रांग दिसत होती. हळद लावली का, एवढं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती शिडी उतरू लागली. तिच्या उतरण्यातच त्याला कळलं की हेही स्थळ गेलं. या वेळी दोष सापाचा नव्हता.

तेवढ्यात अंगणातून वेदावतीच्या वहिनीची किंकाळी आली.

दोघं धावत बाहेर गेले. पाटाकडून एक दिवड अंगणात आला होता आणि तुळशीच्या कट्ट्याला अंग घासत चालला होता. वहिनी पायरीवर चढून थरथरत उभी. नरहरीनं कोपऱ्यातला सुपारी पाडायचा बांबू उचलला होता आणि तो डोक्यावर नेला होता. आयी मधे पडायला निघाली होती, पण वरपक्षाच्या बाईनं वधूच्या भावाला कसं अडवावं हे तिला कळेना.

विघ्नेश्वर जाऊन कट्ट्यासमोर उभा राहिला. वरच्यावर त्यानं बांबू धरला.

“नरहरण्णा, काठी खाली ठेवा. तो इथलाच आहे. विष नाही त्याला.”

“अहो, बाजूला व्हा. बायको बघा माझी कशी झालीय ती.”

“भीती वाटणारच. त्यात काही चूक नाही,” विघ्नेश्वर म्हणाला. “तुम्ही दोघं आत ओसरीवर बसा. तो जाईपर्यंत. पण तो त्याच्या चालीनं जाईल, त्याला कुणी हाकलायचं नाही.”

नरहरीचा चेहरा लाल झाला. मुलगी दाखवायला आलेल्या माणसाला असं कुणी बोलतं? त्यानं बांबू टाकला आणि तिम्मण्णाला गाडी काढायला सांगितलं. माणसापेक्षा जनावराची किंमत जास्त असलेल्या घरात बहीण द्यायची नाही, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. तिम्मण्णानं कपाळाला हात लावला. दिवड मात्र कट्ट्याला पुरी फेरी घालून, एक शेवंतीचं रोप हुंगून, निवांत पाटात उतरला.

“चल, वेदा.”

वेदावती हलली नाही. ती विघ्नेश्वरकडं बघत होती. तो अजून कट्ट्यासमोरच उभा होता, हात पसरून, समोर आता काहीच नसताना.

“अण्णा, तू तिथी बघायला सांग,” ती म्हणाली.

नरहरीला वाटलं, ही गोंधळलीय. त्यानं पुन्हा गाडीकडं बोट दाखवलं. वेदावती त्याच्याजवळ गेली, लहानपणी धरत असेल तशी तिनं त्याची बाही धरली आणि हलक्या आवाजात बोलली. अंगणात इतकी शांतता होती की ते सगळ्यांनीच ऐकलं.

“रागावू नको रे. पण पाहुण्याला आत बसायला सांगणारं घर मी आज पहिल्यांदा पाहिलं.”

पाच वर्षांपूर्वी तिला बंगळूरहून आलेली पाहिली होती ती नरहरीनंच. थोड्या वेळानं तो बायकोचा हात धरून ओसरीवर गेला आणि बसला.