शिवराजरावांचं लाल तेल

सिग्नलवरून निघताना जयवंताबाईंची गाडी हल्ली अंग चोरायला लागली होती. आधी थरथरायची, मग मनात आलं तर पुढे सरायची. पुण्याहून लेकीचा, तन्वीचा, एकच धोशा: "आई, विकून टाक ना. या वयात कशाला डोक्याला ताप?" तिला काय जातंय बोलायला! नवरा गेल्यावर, साठी उलटल्यावर बाई ही आपोआप गियर बदलणारी गाडी शिकल्या होत्या. ती गेली की कोणी नेईल तेव्हाच अंबरपेठच्या घराबाहेर पडायचं.

मलकपेठचा गॅरेजवाला म्हणाला होता, "गियरबॉक्स का तेल बदलना पडता, अम्मा. तेल तुमीच लाओ, बाद में मेरेकू नक्को बोलो."

तेल तर घरातच होतं. नवऱ्याने, शिवराजरावांनी, जुन्या गाडीसाठी आणलेली लालभडक तेलाची सीलबंद बाटली. दर दसऱ्याला बाई तिला हळदकुंकू वाहत. त्यांचं तेल अखेर कामी येणार म्हणून त्या सुखावल्या आणि बाटली मांडीवर घेऊन दारात उभ्या गाडीत बसल्या. दुपारचं ऊन तेलातून लाल होऊन साडीवर सांडलं. हे शेजारीच बसलेत आणि म्हणतायत, "सावकाश घे, जया," असं वाटलं. बाईंचा डोळा लागला की नाही, त्यांनाही कळलं नाही.

मग सवयीने त्यांनी गाडीचं पुस्तक उघडलं. कुकरसुद्धा पुस्तक वाचून लावणारी बाई ती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: या गाडीला तिच्यासाठी ठरलेलं एकच तेल, दुसरं घातलं तर आतला पट्टा घसरून गियरबॉक्स निकामी होईल.

यांचं काही चुकलं नव्हतं. ही गाडी यांनी कधी पाहिलीच नव्हती.

बाटली त्यांनी मागच्या सीटवर ठेवली. नारायणगुड्याच्या दुकानात पुस्तकातल्या तेलाच्या नावावर बोट ठेवलं, तसं दुकानदाराने हिरवट तेलाचा डबा काढला. "पक्का यहीच होना?"

"यहीच होना," बाई म्हणाल्या. हेच हवं.

मलकपेठला तेल बदलून झाल्यावर गाडी रेसकोर्सच्या कडेने लोण्यासारखी सरकू लागली. "बघितलंत का?" म्हणत बाईंनी डावीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांना फार रडू आलं, पण गाडी कुठेच थरथरली नाही. अंबरपेठचं वळण आलं तेव्हा त्या वळल्या नाहीत, सरळ पुढे निघाल्या. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं आणि आज पहिल्यांदाच त्यांना ते बोचलं नाही.